दहा नंबरचा बोल्ट

गरम झाली की बंद पडते,
थंड झाली की जणू काही झालंच नाही.
बिराजदार सरांची अॅक्सेंट, दोन हजार चारची.
तीनदा होटगी रोडला,
एकदा लग्नाला जाताना, बोरामणीच्या अलीकडे.
सरांनी बॅटरी बदलली, पंप बदलला,
बंपरखालचं लिंबूही बदललं.

इरण्णा पोराला म्हणाला, "क्रँक सेन्सर हाय बे तो.
बोटाएवढा. पण कुठं बसवलाय बघ
त्या कोरियावाल्यानं."

इंजिनाच्या पाठीमागे,
मॅनिफोल्डच्या खाली, स्टार्टरच्या आड.
वरून दिसत नाही. खालून दिसत नाही.
आरशात दिसतो, पण उलटा.

इरण्णाचा हात मनगटाला अडला.
पोराचा पोचला, पण त्याला कळेना
आपण धरलंय काय.
मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी इथं हिशेब लिहिते.
त्याआधी अकरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात,
संपलेल्या बीमला नव्याची टोकं जोडायला.
तुटका धागा बोटांना सापडायचा,
डोळे भलतीकडेच असायचे.

बांगड्या काढून रजिस्टरवर ठेवल्या.
हात घातला.
आधी पाइप, अजून तापलेला.
मग वायरींचा झुपका.
मग तेलात मुरलेली धूळ, शेंगाचटणीसारखी.
मग प्लॅस्टिकचा खटका;
दाबला तर त्याचा चुराच झाला.
मग बोल्ट.

"घड्याळाच्या उलटं, अक्का."
मी बॉनेटखाली पालथी, हात पलीकडून वळून आलेला.
घड्याळ कुठल्या बाजूनं बघायचं?
पाव फेरा. पुन्हा पाना लावायचा. पाव फेरा.

चाळीस मिनिटं. बाहेर बेचाळीस डिग्री.
जुना निघाला, रिंग दगड झालेली.
नवा बसवला, न बघता, गाठ मारावी तसा
आणि बोल्ट निसटला.

टक्.
टक्.
मग काहीच नाही.

खाली पडला नाही. चुंबक फिरवलं, गाडी हलवली,
सरांनी स्वतः वाकून जमीन झाडली.
शेवटी इरण्णानं डब्यातला दुसरा दिला.

चालू झाली. तशीच उभी ठेवली,
पंखा लागेपर्यंत, मग आणखी अर्धा तास.
चहा आला, गेला.
सर दोनदा म्हणाले, "बंद पडंना की ओ,"
तक्रार केल्यासारखे.

रजिस्टरात लिहिलं: सेन्सर एक, मजुरी, बोल्ट एक.
हरवलेल्याला रकाना नाही.
सर म्हणतात, नळदुर्गच्या उतारावर
आत कुठंतरी वाजतो.

माझ्या मनगटावर चटक्याची खूण आहे.
बांगडी नेमकी तिथंच येऊन थांबते.