सरकलेली तारीख

ताताय जन्मले चार जुलैला, सेहेचाळीस साली.
त्या सकाळी मनिलाच्या मैदानावर
एक झेंडा उतरत होता, दुसरा चढत होता.
आजीने नाव ठेवलं लिबेरातो.
पुढे दर वर्षी त्याच दिवशी
पितळी बँड दारावरून जायचा,
शाळेची पोरं कागदी झेंडे हलवायची,
आणि चांगले सात वर्षांचे होईपर्यंत
ताताय समजत होते
की हे सगळं आपल्यासाठीच.

बासष्ट साली तारीख बदलली.
स्वातंत्र्य म्हणे त्याआधीच जाहीर झालं होतं,
चौसष्ट वर्षांपूर्वी, बारा जूनला,
कावितमधल्या एका घराच्या खिडकीतून.
जुलैचं दिलेलं, जूनचं घेतलेलं.
तातायना हिशेब पटला. वर्गात त्यांनी टाळ्याही वाजवल्या.
पण त्या चार जुलैला दारावरून
फक्त मासळीवाली गेली,
आणि तिनेही हाक मारली नाही.

"देशाशी माझं भांडण नाही," म्हणायचे,
"कॅलेंडरशी आहे."
बाकोओरहून कावित जीपनीने अर्ध्या तासावर.
साठ वर्षं गेले नाहीत.

यंदा मी रियाधहून आले, तीस दिवसांच्या रजेवर,
वॉर्डातल्या स्पिरिटचा वास अजून बोटांना.
अठ्ठावीस जूनचं परतीचं तिकीट पाहून
ताताय गप्प बसले, चष्मा पुसला, म्हणाले,
"चल, ते घर बघून येऊ. गुडघे आहेत तोवर."

पहाटेच निघालो तरी गर्दी.
इस्त्रीचे बारोंग पाठीला चिकटलेले,
ताहोवाल्याच्या डब्यातून वाफ,
आणि भाषण इतकं लांब
की पहिल्या रांगेतला एक पोलीस
उभ्या उभ्या डुलक्या काढत होता.
सगळे सज्ज्याकडे बघत होते.
गाईड पोरगी हळूच म्हणाली,
"सज्जा नंतर बांधलाय. तेव्हा नुसती खिडकी होती."
ताताय खूश झाले. "बघ," म्हणाले,
"यांनीही सरकवासरकव केलीच आहे."

शेजारी एक चिमुरडी, दोन दात पडलेली,
झेंडा उलटा धरून नाचत होती: लाल वर, निळा खाली.
ताताय वाकले, गुडघे वाजले.
"असा धरलास तर लढाई सुरू होते, बाळ."
तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं,
मग झेंडा सुलटा केला,
आणि लढाई टळली म्हणून
तातायना एक चिकट चॉकलेट दिलं.

आत काचेपाशी गाईड सांगत होती,
पहिला झेंडा इथे शिवलाच नव्हता.
हाँगकाँगला तीन बायकांनी शिवला,
जहाजातून इकडे आला.
मी त्या टाक्यांचा विचार करत राहिले.
परक्या शहरातला दिवा, सुईत ओवलेला दोरा,
घरी कधी पोचेल याचा अंदाज.
महिन्याच्या एक तारखेला
मी पैसे पाठवते, तेव्हा
रांगेत उभं राहून हाच अंदाज करते.
ताताय काही बोलले नाहीत.
माझ्या कोपराला धरून उभे राहिले,
जिना उतरायला आधार हवा असल्यासारखे.
जिना अजून लांब होता.

दुपारी रस्त्याकडेच्या टपरीत
मी पिशवीतून बिबिंका काढली,
केळीच्या पानात, अजून कोमट,
आणि वर एक मेणबत्ती खोचली.
"चार जुलैला मी नसेन, ताताय."
ते मेणबत्तीकडे बघत राहिले,
मग असे हसले की टपरीवाला वळला.
"परत बदलली! या घरात सरकारच तू!"

बँडची पोरं टेम्पोत चढत होती.
ट्यूबा काही आत बसेना.
शेवटी एका पोराने तो खांद्यावर घेतला
आणि चालतच निघाला,
कंटाळा आला म्हणून मधूनच एखादा सूर काढत,
आमच्या टेबलाला लागून, अगदी दाराशी.
ताताय फुंकर मारायचं विसरले.
खुर्ची जराशी मागे घेतली,
त्याला वाट करून दिली,
आणि केस नीट केले.