कंसातली ओळ

शुक्रवारी उपास. दूध नाही, अंडं नाही.
लेतेब्रहान कॉफी भाजते,
बियांचा धूर प्रत्येकाच्या नाकाशी फिरवते,
मग मक्याच्या लाह्या. कॉफीबरोबर लाह्या
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या, पण मुलांना वाटतं
टीव्हीसमोर काय खायचं ते आईनं एकदाचं शिकून घेतलं.

बाहेर उणे एकतीस. जानेवारीत विनिपेगमध्ये
माणसं एकमेकांकडे जात नाहीत.
मालिकेतल्या कुणाकडे तरी जातात.

ही मालिका राहवाची. तिच्यात सतरा वर्षांची एक मुलगी,
बाप दुकानदार, आई सतत कांदा चिरते.
कुठून आले, ते पाच भागांत कुणी सांगितलं नाही.
असेल नकाशावर असा एखादा देश,
जिथले सगळे बाप ओरडून बोलतात
आणि गणिताचे मार्क विचारतात.
"हे आपण नाही," मी म्हणतो.
"आपण आहोत असं कोण म्हणालं?" राहवा म्हणते,
पण तो बाप ओरडला की हळूच माझ्याकडे बघते.

त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट आहे.
फिल्मोननं शोधून काढलं: नट टोरांटोत जन्मलेला,
उच्चार बिघडवायला त्यानं मास्तर ठेवला होता.
एकोणीस वर्षं ते काम मी फुकट करतोय.

ते लोक बूट घालून गालिच्यावर येतात,
लेतेब्रहान दर वेळी स्वतःचे पाय वर घेते.
"त्या बाईच्या पातेल्यात काही नाहीये," म्हणते,
"डाव बघ कसा हलका फिरतोय."
चुंबनाची चाहूल लागली की मी उठतो,
गाडी गोठू नये म्हणून वायर लावायची राहिलेली असते.
वायर मी संध्याकाळीच लावलेली असते,
हे चौघांनाही माहीत आहे.

तर, सहावा भाग.
मुलगी दूरच्या कॉलेजात निघाली. बाप गप्प. आई कांद्यापाशी.
फोनवर आजी, चेहरा धूसर, मागे व्हायोलिन.
आजी बोलली,
आणि ध्यानीमनी नसताना ती तिग्रिन्या होती.
आमची. अस्मराच्या बाजारातली,
शब्दांच्या शेवटाला थोडी केरेनकडची ओढ.

खाली पांढऱ्या अक्षरांत, कंसात:
परक्या भाषेत बोलते.

आजी म्हणाली,
"ती खिडकी लाव बाई, गारठा येतोय.
आणि शेवटची अवतोबूस चुकली तर मला घरी कोण सोडणार?"

कुणी विचारलंच नसणार.
दिवसाच्या पैशांवर बोलावलेली कुणी म्हातारी,
"तुमच्या भाषेत काहीही बोला," म्हटलं असेल,
तिच्या मनात होतं ते ती बोलली.
मी हसलो. लाही घशात अडकेपर्यंत हसलो.
लेतेब्रहान हसली, नेत्सेलाचं टोक तोंडात कोंबून.

पडद्यावर ती मुलगी रडत होती.
सोफ्यावर राहवाही.
तिनं रिमोट दाबला. आजी तोंड उघडं ठेवून थांबली.
"काय म्हणाली? हसताय काय? सांगा ना."

हॅलिफॅक्सचं पत्र दोन आठवडे फ्रिजवर आहे,
टायरच्या दुकानाच्या चुंबकाखाली.
त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही.
दार उघडतो, भाजी काढतो,
दार लावतो.

लेतेब्रहाननं कपातला गाळ गोल फिरवला.
मग त्या थिजलेल्या म्हातारीकडे बघत
म्हणाली,
"म्हणतेय, जा.
म्हणतेय, मी रागावले नाहीये. रागावल्यासारखी दिसते, तेवढंच.
तिथं पोचलीस की फोन कर,
किती का वाजलेले असेनात."

बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
"एवढं सगळं?" राहवानं नाक पुसलं.
"ती तर दोनच वाक्यं बोलली."
"आपली भाषा आटोपशीर आहे," मी म्हणालो.

फिल्मोन, वय वर्षं नऊ, वाडग्याचा तळ चाचपत:
"मग त्यात अवतोबूस कुठून आली?"

लेतेब्रहान उठली.
खिडकी बंदच होती.
तरी तिनं ती एकदा दाबून बघितली.