एक मूठ जास्त

त्या साली कापूस इतक्यात विकायचा नाही, असं ठरलं होतं.
भाव रोज चढत होता.
दूर कुठल्या गोऱ्यांच्या मुलखात
भाऊ भावाशी लढतो आहे म्हणे,
आणि इथे बोरीकाठच्या या घरात
आढ्याला टेकलेला कापूस,
चुलीपुढे तेवढी माणसांना जागा.

ठगूबाईला कळा आल्या त्या कापसातच.
नथी दाईने एक काढला, नाळ कापली,
हात धुवायला उठली तर दुसरा.
बाहेर दगाजी बैलांना सरकी घालत होता.
त्याला थाळी दोनदा ऐकू आली.
थाळी वाजवणारी दमून टेकली, तोच आतून:
"थांब वं माय, आखो एक शे."

तिसऱ्याची थाळी वाजली नाही.
कोणाला सुचलंच नाही.
वितीएवढं पोर, कापसात ठेवलं तर दिसेना.
रडलं तेव्हा सापडलं.

तीन तोंडं, दोन थानं.
थोरल्या दोघांना नावं दिली मरणाला किळस यावी अशी,
उखर्डू, शेनपडू.
तिसऱ्याच्या नावाची घाई कोणी केली नाही.
शेळीचं दूध वातीने चाटवलं,
ते त्याच वाटेने परत येई.

सातव्या रात्री सासूने दिवा विझवला,
म्हणजे पाहिलं असं कुणाला म्हणता येऊ नये,
आणि पोर पदराखाली घेऊन गोठ्यामागे गेली.
तिथे भिलाटीतली झिमली, जागल्याची बायको,
कडेवर स्वतःची लेक.
"लई ये," एवढंच म्हणाली.

सहा महिने. रोज, अंधार पडल्यावर.
ओटा तिला वर्ज्य तो वर्ज्यच.
ज्वारी तिच्या ओच्यात वरून टाकायचे,
शिवाशिव नको म्हणून.
पोर मात्र हातातून हातात जायचं.

लढाई मिटली, भाव कोसळला.
पारोळ्याच्या व्यापाऱ्याने डागी कापूस वेगळा काढला,
मणामागे दोन रुपये तोडले,
आणि रात्री चांगल्यातच मिसळला.

तिघंही जगली.
कागदावर तिसरा धुडकू दगाजी,
पण गाव त्याला मरेपर्यंत भिल्या म्हणायचं.
रंगावरून, असं या घरातले पुरुष सांगतात.
त्यांना तसंच सांगितलेलं आहे.

मी इथली सून.
लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात
कानबाईच्या रोटांचे गहू मोजायला बसले,
घरातल्या पुरुषागणिक एक मूठ.
मोजून झालं, पाटी उचलणार,
तर सासूने माझं मनगट धरलं,
पुन्हा गव्हात नेलं.
मग दार लोटून घेतलं आणि हे सगळं सांगितलं.
झिमलीच्या लेकीचं पुढे काय झालं, मी विचारलं.
ते तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

नवरा दारातून मोजत असतो.
दरसाल म्हणतो, एक जास्त पडली, चुकलीस.
मी म्हणते, हो, चुकले.