एक दिवसाआड

तिघऱ्याचं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड,
सोनोग्राफीही एक दिवसाआड :
नववा, अकरावा, तेरावा.
ज्या सकाळी नळ कोरडा
त्या सकाळी मी कंपूच्या दवाखान्यात, बाकावर.

"फालके!" हाक येते.
ग्वाल्हेरात ळ कुणाच्या जिभेला लागत नाही.
मी उठते तशीच, एका अक्षराने कमी.

समोर पाटी : येथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही.
आधी गर्भ तरी सांगा,
असं पहिल्या वर्षी मनात आलं होतं.
आता पाटीखालचं घड्याळ बघते फक्त.

डॉक्टर कुशवाह माझ्याशी नाही, आकड्यांशी बोलतात.
उजवीकडे अठरा. अस्तर आठ पूर्णांक दोन.
तिहेरी रेघ, छान.
कोपऱ्यातली मुलगी टंकते
आणि मधेच आपला चहा फुंकते.

निगमात मी अकरा वर्षं नकाशे तपासतेय.
काळ्यावरचं करडं मला लवकर कळतं,
हद्द कुठली, बुजलेला नाला कुठला.
म्हणून आज मीच विचारलं,
हे वरून खाली काय उतरलंय?

त्यांनी हात थांबवला.
चित्र फिरवलं, उभं केलं, पुन्हा फिरवलं.
पडदा आहे, म्हणाले. जन्मापासूनचा.
दोन नळ्या जुळून एक पिशवी होते,
मधली भिंत मग विरघळते.
तुमची राहिली.

मला हसू आलं, खरंच आलं.
सोळा सोमवार, पपई बंद, मोटारसायकल बंद,
गिरीशची तीनदा तपासणी,
नणंदेच्या मुलीच्या बारशाला मागच्या रांगेतली खुर्ची,
आणि आत हे
विनापरवाना बांधकाम,
छत्तीस वर्षं, एकही नोटीस नाही.

दुर्बिणीतून कापता येतं, ते म्हणाले,
पण लगेच काही धरून चालू नका.
मी जेल पुसलं. कागदी रुमाल कमीच देतात इथे.

रिपोर्टवर ल खोडून ळ केला,
निळ्या पेनाने, जिन्यातच.

दौलतगंजात आईला फोन लावला.
सांगितलं नाही.
तिच्या पोटात असतानाची भिंत आहे म्हटल्यावर
ती ती लगेच स्वतःच्या नावावर करून घेईल,
फेरफारासकट.

नुसतं विचारलं,
तुमच्याकडे पाणी आलं का आज?