हिरवा स्वेटर

बाहेर त्रेचाळीस. बसच्या दांड्याला
हात लावता येईना.
खेमराज मडावीने तरी स्वेटर घातलेला.
"आई म्हणे, टीव्हीवाल्याइकडे लय एसी असते."
पोरं हसली. मीही, थोडी.

स्टुडिओत एक हिरवी भिंत, बाकी काही नाही.
भूपालीताई रिकाम्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
हे गोंदिया, हे अकोला.
मग त्यांनी खेमराजला उभं केलं
अन् मॉनिटरवर त्याचं नुसतं डोकं,
दोन पंजे, निळी हाफपँट.
मधे विदर्भ.

पोरं किंचाळली. तो मात्र मान खाली घालून
पोट चाचपत राहिला,
आहे ना, म्हणून.

रुखसार पुढे गेली. मॉनिटर बघत बघत
त्याच्या बेंबीपाशी बोट टेकवलं:
"मॅडम, नागपूर इथी हाय.
थंड लागून राह्यलं."