हवा सोडण्याआधी

चाळीस फुटांची उघडी पाठ. खाली सहा फुगे,
रबरी, काळे, पोटात सहा किलो हवा धरून.
रस्त्यावर देवमाणसं आहेत ती.
तवंदीच्या घाटापासून शिरोलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा
आपल्या पोटात घेतात, कास्टिंगला कळूही देत नाहीत.
पण थांबल्यावर त्यांचा भरवसा धरू नये.
ओझं उचललं की पाठ वर येते,
ठेवलं की दबते,
फोर्कलिफ्टवाल्याला वाटतं, जमीनच उसासतेय.

गेल्या माघात अप्पासो गुरवानं नऊशे किलोचा डाग उचलला.
ट्रेलर दोन इंच वर आला.
दोनच इंच.
शेजारचा डाग सरकला,
आणि गुटका लावणाऱ्या यल्लाप्पाची करंगळी
आणि तिच्या शेजारची.

मी केबिनीत होतो, ब्लोअर लावून.
हवा सोडायचा खटका होता की ट्रेलरला,
मागच्या पेटीखाली, गंजलेला, ग्रीसमध्ये बुडालेला.
थंडीत कोण उतरणार, कोण वाकणार?
सीपीआरच्या व्हरांड्यात यल्लाप्पाची बायको
हे मला विचारत नव्हती.
तिनं फक्त विचारलं, चहा घेतला का.

मग उद्यमनगर. लेथच्या गल्लीत
दस्तगीर शिकलगारांचं पत्र्याचं दुकान.
म्हटलं, मामू, खटका केबिनीत आणून द्या,
बसल्या जागी हवा सोडीन.
त्यांनी हात पुसले, एकेक बोट वेगळं.
"बसल्या जागी? आणि खाली कोण वाकलंय,
ते बसल्या जागी दिसंल व्हय?"

दोन दिवस गाडी ठेवून घेतली.
जुनी नळी कापली. शेजारच्या लेथवर
पितळेचा सांधा कातून आणला, अजून गरम.
खटका बसवला डाव्या अंगाला, छातीच्या उंचीवर,
जिथं उभं राहिलं की चाकं दिसतात, पाय दिसतात,
चाकांमधली ती अंधारी फट दिसते.
एक बारीक लाइन ब्रेकला जोडली:
ब्रेक सुटला की खटका आपोआप मिटणार, फुगे भरणार.
"तू इसरशील. ह्यो इसरायचा न्हाय."
म्हटलं, आवाजाला सायलेन्सर?
"नगं. फुसकारा ऐकू जाऊ दे पार नाक्यापतूर."
आणि पैसे मोजता मोजता:
"घोडा सोडून ट्रेलर एकटा ठेवायचा झाला,
तर आधी हवा सोड, मग पाय टेकव.
न्हायतर रातभर हवा गळती,
ट्रेलर झोपंत सरकतो,
सकाळी पाय वाकडं."

म्हैस बसते ती पुढचे गुडघे मोडून.
माझा ट्रेलर उलटा, मागून बसतो,
फुसकारत, रबरी ठोकळ्यांवर एकदाचा टेकतो,
आणि मग अप्पासोनं टनभर उचलो की ठेवो,
ढिम्म.

यल्लाप्पा कामावर परत आलाय. गुटका आता
अंगठा आणि दोन बोटांत धरतो, चिमटीत तपकीर धरावी तसा.
मी खटक्यावर हात ठेवून ओरडतो, "हवा सोडतोय!"
पलीकडून तो म्हणतो, "हां."
हा "हां" दस्तगीरमामूंनी बसवलेला नाही.

काल रात्री "हां" आला नाही.
पुन्हा ओरडलो. भट्टीचा घुमारा, बाकी काही नाही.
अप्पासो हॉर्न मारतोय, चार डाग राहिलेत,
आणि माझा हात पितळेवर, पितळ थंडगार.
हात काढला. चाळीस फूट चालत गेलो,
वाकून प्रत्येक फटीत बॅटरी मारली.
पठ्ठ्या भिंतीपाशी उभा, फोनवर, कन्नडमध्ये,
पोरीला पाढे विचारत होता.
मला बघून तीन बोटं वर केली: थांब.

थांबलो.
बाराचा पाढा तिचा दोनदा चुकला.
अप्पासोनं इंजिन बंद केलं.