दीड पट्टी खाली

हेरंब म्हणतो, दीड पट्टी खाली गायला.
पहिल्याच गाण्यात कळलं मला, म्हणतो,
गिटारवाल्याची बोटं नेहमीच्या पडद्यांवर नव्हती.

नेरूळचं मैदान रिकामं व्हायला सव्वा तास लागला.
आता आम्ही हिराजी भोपीच्या गाडीपाशी,
भुर्जी सांगून उभे.
चौघांची मिळून दोनशे बत्तीस वर्षं
आणि काळा टीशर्ट एकच,
तोही माझ्या पोटावर आखडलेला.

विदुलाचा आवाज दुसऱ्या गाण्यालाच बसला.
कागदी रुमालावर लिहून विचारते,
शेवटी तो रडला का?
आग्नेल म्हणतो, घाम होता.
हेरंब म्हणतो, दिवे.
मी म्हणतो, मला दिसलं नाही,
साडेचार हजारांच्या तिकिटात
एक खांबही होता.

डेन्झिल रिबेलो, वय एकाहत्तर.
चामडी पँटच्या आतून
गुडघ्याचा पट्टा उमटलेला.
चौथ्या गाण्याला स्टूल मागवलं
आणि ते घेऊन आलेल्या पोराला
कमरेतून वाकून सलाम केला,
पूर्वी ड्रमवाल्याला करायचा, अगदी तसा.
पोरगं घाबरून पळालं, तेव्हा काय टाळ्या!

पुढच्या कठड्याला मुली होत्या,
बँड मोडून अकरा वर्षं झाल्यावर जन्मलेल्या.
त्यांना एकेक शब्द पाठ.
आम्ही कॅसेटवाले. माझ्या कॅसेटची फीत
जिथे यंत्राने चावली होती
तिथे मी अजूनही चावल्यासारखंच गातो.
एकीने वळून पाहिलं.
काका, असं नाहीये ते.
माहीत आहे, म्हटलं.

मग ती जागा आली.
शेवटचं गाणं, तिसरं कडवं.
शहाऐंशी साली चेंबूरच्या एका पटांगणात
त्याने तो सूर अकरा सेकंद धरला होता,
एका श्वासात. आग्नेलने घड्याळ लावलं होतं,
अन् पुढे वर्षभर कॉलेजात
भेटेल त्याला ते सांगत फिरला होता.

आज तो त्या जागेपर्यंत आला
आणि गायलाच नाही.
लोकांकडे माईकही फिरवला नाही, तसं तर सगळेच करतात.
तोंड मिटून उभा राहिला, मान वर,
मांडीवर बोटाने मोजत.
मागे बँडही थांबलेला.
वीस हजार माणसं, आणि कुणी शिट्टी मारेना.
पामबीचवरून एक टँकर गेला,
त्याचा हॉर्न कुठल्याच पट्टीत नव्हता.

मला तेवढ्यात माझ्या डाव्या कानातली शीळ ऐकू आली.
ती असतेच. पंख्याच्या, टीव्हीच्या आवाजात विसरायला होते.
डॉक्टर विचारतात, कधीपासून?
मी त्यांना तारीख सांगतो. तेच पटांगण,
उजवीकडच्या स्पीकरपासून चार हात.
तेव्हापासून ती तशीच आहे,
तिला कुणी खाली उतरवलेलं नाही.

अकरा, आग्नेल म्हणतो. बरोबर अकरा.
फसवणूक आहे, हेरंब म्हणतो,
न गायलेल्या सुराचे पैसे कसले घेता?
गाता येत नसेल तर गाणं बदला,
नाहीतर घरी बसा, आम्ही बसलोय तसे.
हे शेवटचं तो जरा जोरात बोलतो
आणि मग पाव कुस्करत राहतो.

विदुला रुमाल उलटा करते.
लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते,
आणि कुणाला न दाखवता पर्समध्ये ठेवते.

हिराजी तव्यावरून उलथणं ओढतो.
ऐकू येत व्हतं हितपर्यंत, म्हणतो.
म्हातारा मधीच गप का झाला?
मी हातात अंडं घेऊन उभा,
फोडायचं थांबलो ना.

चौघांचे पैसे हेरंबने दिले.
त्याची स्कूटर सुरू होईना, म्हणून
ढकलत निघालो जुईनगरच्या बाजूला.
अजूनही म्हणतो, ते गाणं नव्हे.